शिखर उतरलात, आता रात्र सांभाळा

कळसूबाईवरून उतरून बारी गावात पाय ठेवलेला माणूस पूर्वी दोनच गोष्टी मागत असे. एक तांब्याभर पाणी आणि दुसरी म्हणजे पाय पसरायला ओसरी. कोणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी खायची, घोंगडीवर तासभर आडवे व्हायचे आणि मिळेल त्या एसटीने घर गाठायचे, असा शिरस्ता होता. आता काळ बदलला आहे. शिखर उतरले की गाडी थेट भंडारदऱ्याला, जलाशयाकाठच्या एखाद्या आलिशान हॉटेलात शिरते. गरम पाण्याचा मोठा टब, समोर पाण्यात पडलेले डोंगराचे प्रतिबिंब, मालिश करणारा माणूस, रात्री वीस पदार्थांचे जेवण आणि मऊ गादी. दिवसभर घाम गाळलेल्या माणसाने एक रात्र अशी घालवली तर त्यात वावगे काय?

वावगे काहीच नाही. श्रमानंतर विश्रांती हवीच. पण हा विसावा नेमका कसा घ्यायचा, हे न कळल्यामुळे आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या जिवावर बेतले होते. त्या प्रसंगात प्रस्तुत लेखकाचीही चूक होती. म्हणूनच आजचा लेख.

अण्णांची सहल

या गृहस्थांना आपण अण्णा म्हणू. वय चौपन्न, पेठेत कापडाचे दुकान, मधुमेहाला अकरा वर्षे झालेली. सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्रित गोळी आणि रात्री झोपताना इन्सुलिन, असे त्यांचे औषध. पथ्य बरे, साखर आटोक्यात. लग्नाला तीस वर्षे झाली म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने आई-वडिलांसाठी बेत आखला. पहाटे कळसूबाई चढायची, दुपारी उतरायचे आणि रात्री पाण्याकाठच्या हॉटेलात मुक्काम. एका रात्रीचे भाडे ऐकून अण्णांना दुकानाच्या चार दिवसांच्या गल्ल्याची आठवण झाली म्हणे! पण मुलाचा हट्ट.

जाण्याआधी अण्णा दवाखान्यात आले. "डॉक्टर, चढू का?" असे त्यांनी विचारले. प्रश्न योग्य होता. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. बारीपासून वर जायचे तर आठ-नऊशे मीटरची चढण अंगावर घ्यावी लागते. कड्याच्या ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत. नवरात्रात यात्रेला शेकडो भाविक ती चढतात, त्यात म्हाताऱ्या आजीबाईही असतात हे खरे. पण त्यांचे सारे आयुष्य त्या डोंगरउतारावर गेलेले असते. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याचे तसे नाही.

मी अण्णांचा रक्तदाब पाहिला, कार्डिओग्राम काढला, पाय तपासले. महिनाभर रोज चालायला लावले, जिने चढायला लावले. सोबत पाणी, साखरेच्या गोळ्या आणि चिक्की ठेवा, असे सांगितले. चढताना छातीत दाब वाटला तर तिथूनच मागे फिरा, हेही बजावले. अण्णा खूश, मीही खूश. पण मी जे काही सांगितले ते सारे चढण्या-उतरण्याचे. उतरल्यानंतरच्या रात्रीबद्दल एक अक्षरही बोललो नाही. ती माझी चूक.

त्या रात्री काय घडले

ठरल्याप्रमाणे सारे पार पडले. सहाला चढायला सुरुवात, दहाला माथ्यावर देवीचे दर्शन, दुपारी दोनला खाली. बारीत अर्धी भाकरी खाल्ली. चारच्या सुमारास मंडळी हॉटेलात पोचली. अण्णा गरम पाण्याच्या टबात तासभर बसले. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंतीचा आधार घेतला म्हणून पडले नाहीत. 'थकवा असेल' म्हणून कोणाला बोलले नाहीत. संध्याकाळी मुलाच्या आग्रहाने पाण्याकडे तोंड करून दोन पेग झाले. सोबत शेंगदाणे. नऊ वाजता जेवायला गेले तेव्हा झोपेने डोळे मिटत होते. थोडे सूप, काकडी-टोमॅटो आणि माशाचा एक तुकडा, एवढेच जेवण. मात्र संध्याकाळची गोळी आणि दहा वाजताचे इन्सुलिन नेहमीएवढे घेतले. औषधाच्या बाबतीत अण्णा काटेकोर! साखर तपासायचे यंत्र घरीच राहिले होते. दोन दिवसांसाठी कशाला ते लटांबर, असा विचार.

रात्री अडीचच्या सुमारास वहिनींना जाग आली. शेजारी अण्णा काहीतरी पुटपुटत होते. अंगाला हात लावला तर उशी, चादर, सदरा सारे घामाने ओलेचिंब. खोलीत वातानुकूलन चालू, हवा गार, आणि हा घाम कुठला? हाक मारली तर "गल्ला मोज, गल्ला मोज" असे काहीतरी असंबद्ध उत्तर. हात झटकून टाकला. वहिनींनी मुलाला उठवले. मुलाने खाली फोन लावला. तिथल्या माणसाने सांगितले, "साहेबांना जास्त झाली असेल, झोपू द्या. सकाळी ठीक होतील."

झोपू दिले असते तर आज हा लेख वेगळा लिहावा लागला असता.

फोनवरचे बोलणे ऐकून रात्रपाळीचा पहारेकरी वर आला. जवळच्याच गावचा माणूस. त्याने अण्णांना पाहिले आणि विचारले, "आई, बाबांना शुगर हाय का?" वहिनी 'हो' म्हणाल्या तशी तो म्हणाला, "मंग ह्ये दारूचं न्हाई. माझ्या चुलत्याचं असंच व्हायचं." त्याने अण्णांना धरून बसवले. आधी चमचाभर पाणी देऊन ते गिळतात की नाही हे पाहिले. गिळले. मग खोलीतल्या चहाच्या ट्रेमधल्या साखरेच्या पुड्या फोडून पाण्यात विरघळवल्या आणि थोडे थोडे पाजले. दहा-पंधरा मिनिटांनी अण्णांनी मुलाकडे पाहून विचारले, "काय रे, तू इथं काय करतोस?"

तेवढ्यावर न थांबता मुलाने गाडी काढली आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथे साखर निघाली ६१. म्हणजे एवढी साखर पाजल्यानंतर, आणि वाटेत बिस्किटे खाल्ल्यानंतर! आधी ती किती खाली गेली असेल याचा विचारच केलेला बरा. सलाइनमधून ग्लुकोज दिले, दुपारपर्यंत ठेवून घेतले. त्या पहारेकऱ्याचे नाव विचारायचे राहून गेले, ही खंत वहिनींना अजून आहे.

साखर रात्री का उतरते?

वाचकहो, बहुतेकांची समजूत अशी असते की, श्रमामुळे साखर कमी व्हायची तर ती श्रम करतानाच होणार. एकदा खाली उतरून खुर्चीत बसलो की धोका टळला. ही समजूत चुकीची आहे.

आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचे कोठार असते. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. सात-आठ तास डोंगर चढ-उतार केला की हे कोठार बरेच रिकामे होते. मग विश्रांतीच्या वेळी स्नायू ते पुन्हा भरायला घेतात. त्यासाठी रक्तातली साखर ओढतात. हे भरणे काही तासांत संपत नाही, चोवीस तासांपर्यंतही चालू राहते. शिवाय श्रमानंतर इन्सुलिनचा परिणाम वाढतो. एरवी जेवढे इन्सुलिन पुरते, तेवढेच आता जास्त होते.

निरोगी माणसाचे स्वादुपिंड हे ओळखते आणि इन्सुलिन आपोआप कमी सोडते. म्हणून मधुमेह नसलेल्यांना या गोष्टीची सहसा भीती नाही. पण सुईने टोचलेले इन्सुलिन परत कसे घेणार? आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या तर स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन काढायला लावतात. त्यांचा अंमल बराच वेळ टिकतो. म्हणूनच अण्णा शुद्धीवर आले तरी त्यांना रुग्णालयात नेणे आवश्यक होते. साखरपाण्याने वर आलेली साखर गोळीच्या अंमलामुळे पुन्हा खाली जाऊ शकते. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी.

आता या सगळ्यात दारूची भर घाला. रक्तातली साखर उतरू लागली की यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडते. रात्रीची ही राखणदारी यकृताची. पण पोटात दारू गेली की यकृत तिचाच निचरा करण्यात गुंतते आणि साखर बनवण्याचे काम मागे पडते. म्हणजे कोठार रिकामे, मागणी वाढलेली आणि राखणदार दुसऱ्याच कामात. त्यात जेवणात भात नाही, भाकरी नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे तोंडाला दारूचा वास. त्यामुळे साखर उतरल्याची लक्षणे पाहणाऱ्याला नशेचीच वाटतात. अडखळते बोलणे, असंबद्ध वागणे, चिडचिड, गुंगी. दोन्हींचे रूप एकच.

ओळखावे कसे?

साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजावी. घाम, हातांना कंप, छातीत धडधड, एकदम भूक, डोके दुखणे, डोळ्यांपुढे धूसर होणे ही सुरुवातीची लक्षणे. पुढे बोलणे असंबद्ध होते, झटके येतात, शुद्ध हरपते. झोपेत असेल तर घामाने भिजलेली चादर, बडबड, वाईट स्वप्ने आणि सकाळी डोके जड, या खुणा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांना धडधड आणि कंप जाणवत नाही. त्यांच्यासाठी घाम हीच खूण.

अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा तेवढेच ग्लुकोज पाण्यातून द्या. पंधरा मिनिटे थांबा. फरक नसेल तर पुन्हा द्या. सावध झाला की पोळी, भात, बिस्किटे, दूध असे टिकणारे काहीतरी खायला द्या. चॉकलेट किंवा बर्फी देऊन वेळ घालवू नका, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊन गुदमरेल. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. यंत्र नसेल, शंका असेल, तर साखर कमी आहे असेच धरून चाला. वाढलेली साखर तासाभराने बघता येते, उतरलेली साखर थांबत नाही.

गरम पाण्याचा टब

अण्णांना टबातून उठताना अंधारी आली, ती साखरेमुळेच आली असे नाही. हे मधुमेह नसलेल्या कोणालाही होऊ शकते. भरपूर श्रम केल्यावर पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. घामामुळे अंगातले पाणी कमी झालेले असते. त्यामुळे काही तास रक्तदाब नेहमीपेक्षा जरा खालीच असतो. अशात कढत पाण्यात बसले की त्वचेतल्या रक्तवाहिन्याही फुलतात. टबात असेपर्यंत पाण्याचा दाब सांभाळून घेतो. झटकन उभे राहिले की रक्त पायांकडे धावते, मेंदूला कमी पडते आणि माणूस ओल्या फरशीवर कोसळतो. त्यात डोके आपटले किंवा मांडीचे हाड मोडले तर शिखर राहिले बाजूला, अंथरूण धरावे लागते.

म्हणून आल्या आल्या टबात उतरू नका. आधी अर्धा-पाऊण तास बसा, दोन-तीन पेले पाणी, ताक किंवा लिंबू सरबत प्या. मग कोमट पाण्याने आंघोळ करा. टबातच बसायचे तर पाणी चाळीस अंशांहून गरम नसावे आणि वेळ दहा-पंधरा मिनिटे पुरे. उठताना आधी काठावर बसा, मग उभे राहा. दारू पिऊन टबात जाऊ नका. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी कढत टब आणि वाफेची खोली दोन्ही टाळावे.

मधुमेहींसाठी आणखी एक गोष्ट. बऱ्याच जणांच्या पावलांची संवेदना कमी झालेली असते. पाणी भाजण्याइतके गरम आहे हे पायाला कळतच नाही. पाण्यात पाय घालण्याआधी कोपर बुडवून पाहा किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला पाहायला सांगा. बुटांमुळे आलेले फोड, बोटांच्या बेचक्या आणि टाचा उजेडात नीट बघा. फोड स्वतः फोडू नका. डोंगरावर आलेला शेंगदाण्याएवढा फोड दुर्लक्षामुळे महिनाभर चिघळलेला मी पाहिला आहे.

पाय दुखतात, म्हणून गोळी?

"काल उतरलो तेव्हा काही वाटले नाही, आज जिना उतरवत नाही," अशी तक्रार दुसऱ्या दिवशी हमखास येते. हे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि चार-पाच दिवसांत जाते. पायात 'लॅक्टिक आम्ल साठले' असे लोक म्हणतात, पण ते खरे नाही. ते आम्ल श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात निघून जाते. खरे कारण म्हणजे उतरण. उतरताना मांडीचे स्नायू ब्रेकचे काम करतात. शरीराचे वजन पेलत पेलत ते ताणले जातात आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून येताना सूज आणि ठणका. दम चढताना लागतो, पाय मात्र उतरण्याने दुखतात!

यावर उत्तम उपाय म्हणजे हलके चालणे. जलाशयाकाठी सकाळी अर्धा तास रमतगमत फिरा. हलके मालिश चालेल, पण रगडून घेऊ नका. एकच पोटरी सुजली असेल, लाल आणि गरम असेल, तर मालिश मुळीच नको. रक्ताची गुठळी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

मात्र डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या त्याच संध्याकाळी घेऊ नका. घामाने शरीर कोरडे पडलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. फारच दुखले तर पॅरासिटामॉल घ्या, तेही पिणे झालेले नसेल तर. लघवीकडे लक्ष ठेवा. गर्द पिवळी असेल तर पाणी कमी पडले आहे. पण ती कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी तपकिरी झाली, सोबत स्नायू सुजून दगडासारखे लागू लागले, तर घरगुती उपाय करत बसू नका. स्नायूंची मोडतोड जास्त झाली की त्यातला रंगद्रव्याचा अंश रक्तातून मूत्रपिंडात जातो आणि ते निकामी करू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पाणी प्यायचे तेही घटाघटा चार लिटर नव्हे. घामाबरोबर मीठही गेलेले असते. नुसते पाणी अति प्याले तर रक्तातले मीठ पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा येतो. ताक, डाळीचे पाणी, सूप, मीठ घातलेले लिंबू सरबत हे थोडे थोडे घेत राहा. घरी जलसंजीवनी करायची तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेहींनी साखरेच्या हिशेबात हे धरावे.

समोरचे पाणी

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरा अडवून झालेला हा जलाशय फार देखणा आहे. संध्याकाळी रतनगडाच्या बाजूने सावल्या पडू लागल्या की नजर हलत नाही. पण खिडकीतून शांत दिसणारे हे पाणी पोहण्याचे तळे नव्हे. धरणाच्या पाण्यात काठापासून थोड्या अंतरावर एकदम खोली येते. तळाशी गाळ, बुडालेली झाडे आणि खडक असतात. दिवसभर चढ-उतार केलेल्या पायांत पेटके येण्याची शक्यता जास्त, आणि पाण्यात पोटरीला पेटका आला की चांगला पोहणाराही घाबरतो. दोन घोट पोटात असतील तर धाडस वाढते आणि ताकद कमी होते. थकलेल्या आणि प्यालेल्या माणसाने जलाशयात उतरू नये, हा नियम पाळा. नावेत बसायचे तर जीवरक्षक जाकीट घाला, 'मला पोहता येते' म्हणणाऱ्यानेही. काठावर बसून पाय गार पाण्यात सोडा, तो आनंद कमी नाही. मात्र पावसाळ्यात पायाला जखम असेल तर साचलेल्या चिखलपाण्यातून चालू नका; लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शिरतात.

ताट आणि पेला

मोठ्या हॉटेलात दोन प्रकारची माणसे चुकतात. एक, पैसे वसूल करायचे म्हणून वीसही पदार्थ खाणारी. दुसरी, अण्णांसारखी न जेवता झोपणारी. दोघांनीही मध्यम मार्ग धरावा. आल्यावर तासाभरात काहीतरी खा. केळे, पोहे, दूध, उकडलेले अंडे, काहीही चालेल. रात्री साडेसात-आठला जेवा. वरणभात, भाकरी-पिठलं, उसळ, दही किंवा मासे असे पिष्ट आणि प्रथिन दोन्ही असलेले जेवण घ्या. स्नायूंची डागडुजी प्रथिनांवर होते आणि कोठार पिठा-भातावर भरते. चमचमीत आणि तुपकट पदार्थ चवीपुरते.

जेवल्यावर छातीत जळजळ झाली तर 'गॅस' म्हणून लगेच सोडून देऊ नका. छातीच्या मध्यभागी दाब, जबडा किंवा डावा हात दुखणे, सोबत घाम आणि मळमळ असेल तर तो हृदयाचा इशारा असू शकतो. श्रम होऊन गेल्यानंतर काही तासांनीही झटका येतो.

दारूबद्दल माझे मत सांगतो. त्या दिवशी नकोच. ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन आहे त्यांना तर मुळीच नको. श्रमाचा शीण तिने जात नाही. झोप लागल्यासारखी वाटते, पण ती मोडकी असते. शिवाय लघवीवाटे पाणी जास्त जाते. आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवणार असाल तर अपुऱ्या झोपेने घाटात डुलकी लागण्याचा धोका वेगळाच.

मधुमेहींनी कात्रण करून ठेवावे

१. जाण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. 'चढू का?' हा पहिला. 'त्या रात्री औषध किती घेऊ?' हा दुसरा. बहुधा डोस कमी करावा लागतो. किती, ते डॉक्टरच ठरवतील. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका.

२. साखर तपासायचे यंत्र, पट्ट्या आणि सुया सोबत हव्यातच. संध्याकाळी, झोपण्यापूर्वी आणि शक्य तर गजर लावून रात्री दोन-तीनच्या सुमारास तपासा.

३. झोपताना साखर १०० च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर पेलाभर दूध आणि पोळी किंवा बिस्किटे खाऊनच झोपा.

४. उशाशी साखर किंवा ग्लुकोज ठेवा. पाण्याचा पेला भरून ठेवा.

५. खोलीत एकटे झोपू नका. सोबतच्या माणसाला लक्षणे सांगून ठेवा. हॉटेलच्या कचेरीतही 'मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो' असे आल्या आल्या सांगा. त्यात लाज कसली?

६. इन्सुलिन गाडीत उन्हात ठेवू नका. टबात बसण्याच्या आगेमागे ते टोचू नका. उष्णतेने ते लवकर भिनते.

शेवटी

सहलीहून परतल्यावर आठ दिवसांनी अण्णा आणि वहिनी दवाखान्यात आले. मी त्यांची माफी मागितली. अण्णा म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही सांगितले नाही आणि मी विचारले नाही. फिट्टंफाट." वहिनींना मात्र हा हिशेब पटला नाही. त्या म्हणाल्या, "ह्यांना काय, हे झोपले होते. जागी मी होते." त्यांचे म्हणणे खरे होते. तेव्हापासून कोणी मधुमेही ट्रेकला, यात्रेला किंवा लांबच्या पदयात्रेला निघाला की चिठ्ठीवर औषधांच्या खाली मी एक ओळ लिहितो. 'त्या रात्री' असे लिहून पुढे डोस. आणि ती चिठ्ठी रुग्णाच्या नव्हे, सोबत जाणाऱ्या माणसाच्या हातात देतो.

पुढच्या हिवाळ्यात अण्णा पुन्हा कळसूबाईला गेले. पुन्हा तोच जलाशय, पुन्हा तसाच मुक्काम. या वेळी यंत्र बरोबर होते, डोस ठरलेला होता, पेला ताकाचा होता. रात्री साडेदहाला माझा फोन वाजला. पलीकडे वहिनी होत्या. "साखर एकशे बेचाळीस आहे. दूध-पोळी झाली. अडीचचा गजर लावलाय. झोपतो आता आम्ही."

त्या रात्री मीही निवांत झोपलो.